खुर्द्याचा हिशोब

काही वर्षांपूर्वी एका परिसंवादात मी असे विधान केले होते की, यादी म्हणजे वाङ्मय नव्हे. यादी ही वाङ्मयाची माती; तिला आकार देणारा कुंभार भेटेपर्यंत ती मातीच राहते. त्या दिवशी श्रोत्यांनी माना डोलावल्या आणि आपण काही पक्के बोललो असे मलाही वाटले. ते विधान आज मला मागे घ्यायचे आहे. सगळे नव्हे, पण जेवढे घ्यावे लागते आहे तेवढेही थोडे नाही.

ज्या पुस्तकाने ही पाळी आणली त्याचे नाव 'बॉम्बर कमांड लॉसेस'. लेखक डब्ल्यू. आर. चॉर्ली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्समध्ये बाँबफेकी विमानांचा जो स्वतंत्र विभाग होता, त्याला बॉम्बर कमांड म्हणत. त्या विभागाची जी विमाने गमावली गेली त्यांची ही नोंद. १९९२ ते २००७ या काळात तिचे नऊ खंड निघाले. पहिल्या सहांत १९३९ ते १९४५ पर्यंतच्या मोहिमा, पुढल्या दोहोंत प्रशिक्षण-पथकांतली हानी, आणि नववा खंड म्हणजे निव्वळ मृतांची नामावळी. आयुष्यभर विमानांच्या इंजिनांत हात काळे केलेल्या माझ्या एका स्नेह्यांनी घर आवरताना यांतले काही खंड माझ्याकडे आणून टाकले. "तुम्ही वाचणारे लोक, तुमच्याकडे असू द्या," एवढेच ते म्हणाले. १९४४ चा खंड हातात धरताच मनगटाला जाणवतो. मी तो चाळायला घेतला, आणि चाळणे जमेना.

पान कसे असते ते सांगतो. वर तारीख. खाली स्क्वाड्रनचा क्रमांक, विमानाचा प्रकार, त्याच्यावर रंगवलेली अक्षरे आणि त्याचा अनुक्रमांक, मग त्या रात्रीचे लक्ष्य. त्याखाली विमानातल्या माणसांची नावे. लँकेस्टर विमान असेल तर बहुधा सात: वैमानिक, इंजिनावर लक्ष ठेवणारा, मार्ग आखणारा, बाँब टाकणारा, बिनतारी यंत्र सांभाळणारा, पाठीवरच्या बुरुजातला गनर आणि शेपटाशी एकटा बसणारा गनर. नावापुढे हुद्दा, आणि मेला असेल तर एक फुली. कैद झाला असेल तर तसे, निसटून परत आला असेल तर तसे. शेवटी दोन-तीन ओळी: किती वाजता कोणत्या तळावरून उडाले, कुठे कोसळले, कोणाला कुठे पुरले. काहीच कळले नसेल तर मागमूस न लागता नाहीसे झाले अशा अर्थाची ठराविक शब्दयोजना. मग पुढले विमान.

एवढेच. वर्णन नाही, संवाद नाही, सात जणांपैकी कोणी भित्रा होता की शूर याचा उच्चार नाही. १९४४ च्या मार्चअखेर न्यूरेंबर्गवर ७९५ विमाने गेली आणि त्यांतली ९५ परतली नाहीत. त्या एका रात्रीची पाने उलटताना वाचकाच्या मनात आधी कुतूहल असते, मग कंटाळा येतो, मग त्या कंटाळ्याची लाज वाटू लागते. सातांच्या नावांपुढे सात फुल्या अशी पाचवी-सहावी नोंद डोळ्यांखालून गेली की डोळा आपोआप फुली नसलेले नाव शोधू लागतो. एखाद्या नोंदीत सहा फुल्या आणि एक कैदी दिसला, की अनोळखी माणसासाठी बरे वाटते. हा अनुभव कोणत्याही कसबी लेखकाने मुद्दाम घडवून आणलेला नाही. तरी तो घडतो. आणि ज्या वाचनाने वाचकाच्या मनाची अशी हालचाल होते, ते वाङ्मय नाही असे म्हणण्याचे धैर्य आता माझ्यात उरलेले नाही.

मर्ढेकरांनी लयीचे तीन प्रकार सांगितले: संवाद, विरोध आणि समतोल. ती कसोटी इथे लावणे कोणाला विनोदी वाटेल. पण एकाच साच्यातली नोंद शेकडो वेळा येते हा संवाद, आणि त्या साच्यात मधूनच पडणारा एखादा वेगळा शब्द हा विरोध. चॉर्ली बहुधा गप्प असतो. पण कुठे तरी एखाद्याचे वय देतो, कारण ते वय त्या कामाला फार कमी किंवा फार जास्त होते. कुठे सांगतो की याचा भाऊही हवाई दलात होता आणि तोही गेला. मोजक्या शब्दांची टीप असते, तिच्यावर भाष्य नसते. आमच्या कथालेखकांना जी अलिप्तता प्रयासाने आणावी लागते, आणि आणल्यावर जी बहुधा दिसते, ती इथे न दिसता वावरते. कारण हा लेखक आपल्या भावना दाबून बसलेला नाही. त्याला दुसरे काम आहे. त्याला सातही नावे बरोबर लिहायची आहेत.

हे 'बरोबर लिहिणे' केवढे काम आहे याची कल्पना मला पूर्वी नव्हती. प्रत्येक स्क्वाड्रनची एक रोजनिशी असे, ठराविक छापील नमुन्यावर भरलेली. कोण उडाले, कधी उडाले, कधी उतरले. या रोजनिशा लंडनच्या क्यू भागातल्या राष्ट्रीय दप्तरखान्यात आहेत. जे विमान परत आले नाही त्याच्यासमोर उतरण्याच्या वेळेची जागा रिकामी राही. तिथून पुढे रोजनिशीला काही ठाऊक नसते. पुढले ठाऊक असते ते ज्या शेतात विमान पडले त्या शेतकऱ्याला, ज्याने पुरले त्या पाद्र्याला, आणि ज्याने कागद केला त्या जर्मन कारकुनाला. युद्ध संपले तेव्हा हवाई दलाची सुमारे ४२,००० माणसे बेपत्ता म्हणून लागलेली होती. त्यांच्या मागावर खास पथके नेमली गेली. या पथकांतली माणसे गावोगाव हिंडली, दफनांच्या वह्या पाहिल्या, थडगी उकरली. आणि नाव नसलेल्या देहाचे नाव कॉलरवरच्या धोब्याच्या खुणेवरून, बुटाच्या मापावरून, शेजारी सापडलेल्या इंजिनावर ठोकलेल्या क्रमांकावरून काढले. तरीही ज्यांचे थडगे कुठेच मिळाले नाही अशा वीस हजारांवर माणसांची नावे थेम्सकाठच्या रनीमीड येथील स्मारकात कोरलेली आहेत. ते स्मारक १९५३ साली उघडले. त्यात एक नाव नूर इनायत खान हिचेही आहे.

एका अंकाने काय होते त्याचा दाखला हॉलंडमधला आहे. १९४३ च्या मार्चअखेर बर्लिनहून परतणारे एक स्टर्लिंग विमान तिथल्या सरोवरात पडले. २००८ साली त्याचा एक तुकडा पाण्यातून वर आला. प्रथम ते बीके ७१० या क्रमांकाचे विमान मानले गेले. पुढे पडताळा घेता ते बीके ७१६ ठरले, आणि २०२० मध्ये अवशेष बाहेर काढले गेले. शून्य आणि सहा यांतला फरक म्हणजे सात घरांचा फरक. एका बाजूच्या सात घरांनी आपला माणूस सापडला म्हणून जे मन तयार केले असेल, ते त्यांना पुन्हा मोडावे लागते. आणि दुसरी सात घरे, ज्यांच्या दाराशी कोणी आलेच नव्हते, त्यांच्याकडे निरोप जातो. टीकाकार म्हणून मी आयुष्यभर शब्दाच्या अचूकपणाविषयी लिहीत आलो. तो अचूकपणा इतका महाग असू शकतो हे मला या अंकाने शिकवले.

आता एक मराठी नाव. ते चॉर्लीच्या खंडांतले नाही, कारण ते पहिल्या महायुद्धातले आहे. पण शोधाचे शास्त्र तेच. श्रीकृष्ण वेलिंकर हा मुंबईचा तरुण केंब्रिजला शिकला आणि ज्या मोजक्या हिंदी तरुणांना त्या युद्धात वैमानिक होता आले त्यांत तो एक झाला. २३ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधून डॉल्फिन जातीचे एकट्याचे विमान घेऊन तो १९१८ च्या २७ जूनला फ्रान्सच्या आघाडीवर गेला आणि परतला नाही. जखमी अवस्थेत तो जर्मनांच्या हाती पडला आणि ३० जूनला वारला. त्यांनी त्याला रीतसर पुरले, पण नोंदीत नाव पडले 'वुमकर'. युद्धानंतर या वुमकराचा वेलिंकर व्हायला बरीच चौकशी करावी लागली. आज सॉम प्रांतातल्या हँगार्ड येथे त्याच्या खऱ्या नावाचा दगड आहे.

या 'वुमकर'पाशी मी फार वेळ थांबलो. चूक कशी झाली असेल याचा तर्क करता येतो: रोमन लिपीच्या घाईच्या वळणात मधल्या अक्षरांचे दांडे एकमेकांत मिसळले असावेत. पण मराठी वाचकाला त्यात आणखी काही दिसते, जे त्या कारकुनाला दिसणे शक्य नव्हते. आपल्या आडनावातला 'कर' म्हणजे त्या गावचा माणूस. वेलिंग हे गोव्यात, फोंड्याकडे आहे. कारकुनाच्या लेखणीतून गाव गेले आणि 'कर' राहिला. माणूस कुठला ते हरवले. कुठला तरी होता एवढेच उरले. कोणा मराठी माणसाने ती नोंद तेव्हाच पाहिली असती तर त्या शेवटच्या दोन अक्षरांवरून तो म्हणाला असता, थांबा, हा आमच्याकडला आहे.

इथे मला पानपत आठवते, आणि ते ओढूनताणून नव्हे. १७६१ च्या त्या बातमीचा सराफी भाषेतला निरोप आपण शाळेपासून ऐकत आलो. मोती किती गळाले ते त्यात आहे, मोहरा किती गेल्या ते आहे. खुर्दा किती गेला त्याची मोजदाद मात्र नाही. त्या निरोपाच्या शैलीचे आपण कौतुक करतो आणि ते रास्तच आहे. संकटाच्या घडीला इतक्या थोडक्यात इतके सांगणे सोपे नव्हे. पण निरोपाचा तो शेवटचा भाग मला आता पूर्वीसारखा ऐकवत नाही. खुर्दा म्हणजे ज्यांच्या घरी कोणाची पत्रे गेली नाहीत ते. राजवड्यांनी दारोदार हिंडून दप्तरे गोळा केली आणि १८९८ साली पहिला खंड छापला, त्यात त्या काळची पत्रे आली. पण पत्रे लिहिणारेही बहुधा मोत्या-मोहरांतलेच. चॉर्लीच्या खंडांचे मोल मला या ठिकाणी पटते. विंग कमांडर आणि एकोणीस वर्षांचा सार्जंट यांना तो सारखीच जागा देतो, सारखीच फुली देतो. बॉम्बर कमांडचे ५५,५७३ लोक मेले. त्यांतले ८,३०५ शत्रूशी गाठ पडण्यापूर्वीच किंवा तिच्याबाहेर, म्हणजे शिकताना, सराव करताना आणि अपघातात गेले. ज्याच्या मरणाला मोहिमेची शोभाही नाही अशा शिकाऊ पोराला त्याने दोन स्वतंत्र खंड दिले. हा खुर्द्याचा हिशोब आहे, आणि तो पैशापैशाने लागला आहे.

एवढी स्तुती केल्यावर दोषही सांगितला पाहिजे. नाहीतर हे परीक्षण न होता आरती होईल. हा हिशोब एका बाजूचा आहे. प्रत्येक नोंदीत लक्ष्याचे नाव येते: हँबुर्ग, बर्लिन, ड्रेस्डेन. ते तिथे एका शब्दापुरतेच येते, जसे तिकिटावर स्टेशनाचे नाव. १९४३ च्या जुलैत हँबुर्गवर जे हल्ले झाले त्यांत तीस हजारांहून अधिक माणसे जळून आणि गुदमरून मेली. चॉर्लीच्या पानावर त्या रात्रींची विमाने आहेत, सातसात नावे आहेत. खालची आग नाही. हँबुर्गच्या ओल्सडॉर्फ दफनभूमीत त्या मृतांना मोठ्या सामुदायिक खड्ड्यांत पुरले आहे, आणि तिथे लाकडी तुळयांवर माणसांची नावे नसून शहरातल्या वस्त्यांची नावे आहेत. वेलिंकराच्या नोंदीतून गाव गेले होते. इथे वस्ती राहिली आणि माणसे गेली.

नोंदवहीने सगळ्या जगाचे दुःख सांगावे असे मी म्हणत नाही. हवाई दलाच्या हानीची वही हवाई दलाचीच असणार. पण वाचकाने मात्र ती एकटी वाचू नये. तिच्या शेजारी दुसरी वही ठेवावी. आणि अशी वही करता येते. ड्रेस्डेनमध्ये १९४५ च्या फेब्रुवारीत किती मेले याबद्दल वर्षानुवर्षे मनाला येतील ते आकडे फेकले जात होते. कोणी दोन लाख म्हणे, कोणी त्याहून जास्त. अखेर त्या शहराने इतिहासकारांची समिती नेमली. तिने दफनांच्या आणि मृत्यूंच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या आणि २०१० साली निष्कर्ष दिला की मृतांची संख्या जास्तीत जास्त २५,००० भरते. आकडा खाली आला म्हणून काहींना राग आला. मला वाटते, मृतांचा मान यातच राखला गेला. फुगवलेल्या दोन लाखांत एकही माणूस खरा नसतो. मोजलेल्या पंचवीस हजारांत प्रत्येक जण कोणीतरी असतो.

आणि सारखेपणाचे हे तत्त्व सर्वांना लागू झाले असेही नाही. ब्रिटिश साम्राज्याच्या युद्धमृतांची स्मारके उभारणाऱ्या आयोगाने पहिल्या महायुद्धातच ठरवले होते की हुद्दा किंवा धर्म न पाहता सर्वांना सारखा मान मिळेल. फ्रान्समध्ये वेलिंकराला तो मिळाला. पण त्याच युद्धात पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनबरोबर आमच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियात गेल्या, कूतच्या वेढ्यात सापडल्या, आणि १९१६ च्या एप्रिलअखेर तिथे शरणागती झाली. त्या आघाडीवरच्या मृतांसाठी १९२९ साली बसरा येथे जे स्मारक उघडले, त्याच्या भिंतींवर ब्रिटिश शिपायांची नावे होती, हिंदी अधिकाऱ्यांची नावे होती. हिंदी शिपायांची मात्र पलटणीच्या नावाखाली नुसती संख्या होती. २०२१ साली त्याच आयोगाच्या समितीने अहवाल देऊन हा भेदभाव कबूल केला. पानपतावरून निघालेला तो जुना निरोप इथे दगडावर कोरलेला सापडतो: मोती, मोहरा, आणि खुर्दा इतका.

शेवटी एक नोंद अशी, जिच्यापुढे फुली मारता येत नाही. १९७१ च्या डिसेंबरात फ्लाइट लेफ्टनंट विजय वसंत तांबे यांचे सुखोई विमान शोरकोटवर पडले. ते परतले नाहीत. त्याच दिवसांत तेव्हाच्या पाकिस्तानातल्या एका वृत्तपत्रात पकडलेल्या भारतीय वैमानिकांची बातमी आली आणि तिच्यात 'टॉम्बे' असे एक नाव होते. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे या नामांकित बॅडमिंटनपटू. त्यांनी त्या एका चुकलेल्या नावाच्या आधारावर वर्षानुवर्षे सरकारदरबारी उंबरे झिजवले. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांतल्या ज्या ५४ जणांची 'बेपत्ता' म्हणून यादी आहे तिच्यात तांबे आहेत. २००७ साली नातेवाइकांचे एक मंडळ पाकिस्तानातले तुरुंग पाहून आले. कोणी सापडले नाही. पाकिस्तानचे म्हणणे असे की असे कैदी आपल्याकडे नाहीत.

वुमकर आणि टॉम्बे ही दोन्ही नावे परक्या लेखणीने बिघडवलेली आहेत. पहिल्यामागे थडगे निघाले. दुसऱ्यामागे काय आहे ते उघड झालेले नाही. चॉर्लीच्या पद्धतीची खरी परीक्षा मला इथे होताना दिसते. त्याच्या पानावर प्रत्येक नावाचा काही तरी निकाल लागलेला असतो. मागमूस न लागणे हाही तिथे एक निकालच आहे, कारण त्यापुढे रनीमीडची भिंत आहे. तांब्यांच्या नोंदीला भिंत नाही. कोणी सहानुभूतीने म्हणेल की आता फुली मारावी आणि घरच्यांना मोकळे करावे. मला तसे म्हणण्याचा अधिकार नाही, आणि कुठल्याही यादीला तो नाही. ठाऊक नसताना मारलेली फुली ही बीके ७१० सारखीच चूक ठरेल. अशा नोंदीबाबत यादीने एकच करावे: नाव बरोबर लिहावे आणि पुढली जागा मोकळी ठेवावी.

हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा पेढ्यापेढ्यांतून वहीपूजन होत असेल. आमच्या गावच्या दुकानदाराकडे लहानपणी मी ते पाहात असे. नव्या वहीच्या पहिल्या पानावर श्री काढायचा, हळदकुंकू वाहायचे, आणि मग जुन्या वहीतल्या न फिटलेल्या बाक्या एकेक नाव वाचून नव्या वहीत ओढायच्या. कोणाचे चार आणे राहिले असतील तर तेही. मी एकदा विचारले होते, एवढ्याशासाठी कशाला लिहिता? ते म्हणाले, "बाळ, रक्कम सोडायची ती आपण सोडायची. वहीने सोडायची नाही."

परिसंवादात मी जे बोललो होतो त्याला उत्तर माझ्या लहानपणीच मिळून गेले होते. ते ऐकू यायला इतकी वर्षे लागली.